जुन्या ध्वनिमुद्रिकांचा जीर्णोद्धार

जुनी ध्वनिमुद्रिका लावली म्हणजे गाणे सुरू होण्यापूर्वी प्रथम कानी येते ती खरखर. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा तो आवाज. ज्यांचे बालपण ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर गेले, त्यांना या खरखरीचे काहीच वाटत नसे. रस्त्यावरच्या गर्दीतून ओळखीचा चेहरा अचूक दिसावा, तसा त्यांचा कान तिच्यातून सूर वेचून घेई. आजच्या तरुणाचे तसे नाही. तो अर्ध्या मिनिटात गाणे बंद करतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याने लहानपणापासून निर्मळ आवाजच ऐकला, त्याला ही खरखर म्हणजे बंद दारासारखी वाटते. ते दार उघडावे म्हणून जुन्या मुद्रिका स्वच्छ करून नव्या रूपात देण्याचे काम जगभर चालू आहे. या कामाला रीमास्टरिंग असे नाव आहे. आपण त्याला जीर्णोद्धार म्हणू.

हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. आपल्याकडे देवळांचे जीर्णोद्धार दोन प्रकारचे होतात. एकात ढासळलेला चिरा पुन्हा जागेवर बसतो, गळती थांबते, आणि मूळची घडण जशी होती तशी दिसू लागते. दुसऱ्यात काळ्या पाषाणावर चकचकीत रंग फासला जातो, आणि शिल्पकाराच्या छिन्नीची खूण कायमची बुजते. ध्वनीच्या जीर्णोद्धाराचेही असेच दोन प्रकार आहेत. त्यांतला भेद सामान्य श्रोत्याला कसा ओळखता यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभी एका प्रसिद्ध तबकडीचे स्मरण करू. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली आणि प्रत्येकाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी पाठवली. पृथ्वीवरील निवडक संगीत तिच्यात कोरलेले आहे. त्यात आपल्या गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती साडेतीन मिनिटांची आहे. तबकडीच्या अगदी शेवटी बेटहोव्हेनच्या एका तंतुवाद्य-चतुष्टयातील, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेटमधील, संथ भाग बुडापेस्ट क्वार्टेटने वाजवलेला आहे. तो ६ मिनिटे ३७ सेकंदांचा आहे. पहिले यान निघाल्यावर महिन्याच्या आत, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. त्यांचा आवाज आज आंतरतारकीय अवकाशात आहे.

चतुष्टय म्हणजे चार वाद्यांचा मेळ: दोन व्हायोलिन, त्यांहून किंचित मोठा व्हियोला आणि खर्जाचा चेलो. चौघे समोरासमोर बसून वाजवतात. संचालक नाही, ढोलताशा नाही. चार जाणत्या माणसांनी एखाद्या प्रश्नाचा शांतपणे ऊहापोह करावा, तसे हे संगीत असते. आपल्याकडे ते अगदीच परके आहे असे नाही. मुंबईचे मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही स्थापन केले. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता यांच्या बालपणी या वाद्यांच्या तालमी घरातच चालत. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेले कितीतरी वादक मुंबईला आले, आणि आपल्या चित्रपटगीतांमागे जे व्हायोलिनचे ताफे वाजले त्यांत यांचा वाटा मोठा आहे.

बाईंची भैरवी आणि परदेशी चतुष्टय यांचा मी एकत्र उल्लेख केला, त्याला कारण आहे. दोहोंचे सौंदर्य मुख्य स्वराभोवती दरवळणाऱ्या अतिसूक्ष्म उपस्वरांत असते. तंबोऱ्याची तार छेडली की एका षड्जातून गंधार ऐकू येतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरला की त्याच्या घर्षणातूनच वाद्याचा रंग उमटतो. नेमके हेच नाजूक ध्वनी जुन्या मुद्रिकेत खरखरीच्या अगदी शेजारी, पुष्कळदा तिच्या पोटातच, वसलेले असतात. खरखर ओढून काढताना तेही निघून येण्याचा धोका तेथेच उद्भवतो.

ही खरखर आली कोठून? जुनी तबकडी लाखेची असे. ही लाख बहुतांशी आपल्याच देशातून, छोटा नागपूरच्या रानांतून, जगभर जाई. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी छापत. दगडाची पूड घालण्यामागे हेतू होता: पोलादी सुई झिजून तबकडीच्या खाचेच्या आकाराची व्हावी. म्हणूनच प्रत्येक वादनानंतर सुई बदलण्याची शिस्त होती. याचा अर्थ असा, की खरखर हा पुष्कळ अंशी काळाने लावलेला डाग नसून त्या द्रव्याचाच गुण आहे. भेगा, ओरखडे आणि झीज ही मात्र काळाची व आपल्या हेळसांडीची देणगी.

आता आवाज कसा टिपत तेही पाहू. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे, त्या आवाजाच्या जोराने एक पातळ पडदा थरथरावा आणि त्याला जोडलेल्या सुईने मेणाच्या चकतीवर रेघ ओढावी, अशी ती रीत होती. ती मेणाची चकती जर्मनीस हॅनोव्हर येथे जाई, तेथे तिचे धातूचे ठसे बनत आणि तबकड्या छापून परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि ही येरझार थांबली. कर्ण्याच्या या पद्धतीत सेकंदाला सुमारे १७० ते २००० कंपनांपर्यंतचेच ध्वनी नीट उमटत. माणसाचा कान २० पासून २०,००० पर्यंत ऐकतो. चेलोची सर्वांत खालची तार ६५ कंपनांची असते. तेव्हा चतुष्टयाची केवढी कुचंबणा होत असेल याची कल्पना करावी. चेलोचा पाया गळून पडे; व्हायोलिन इतके क्षीण उमटे की लाकडी पेटीच्या जागी धातूचा कर्णा बसवलेले खास व्हायोलिन वापरावे लागे. १९२५ साली मायक्रोफोन आणि विजेची पद्धत आली, मर्यादा सुमारे १०० ते ५००० कंपनांपर्यंत रुंदावली, आणि वाद्ये प्रथमच काहीशी स्वतःच्या आवाजात बोलू लागली.

दहा इंची तबकडीत एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीत चार-साडेचार. बेटहोव्हेनच्या एका चतुष्टयासाठी चार-पाच तबकड्या लागत. दर चार मिनिटांनी रसभंग होई. आपल्या गायकांनी यावर निराळा तोडगा काढला. तासभर रंगणारा राग त्यांनी तीन मिनिटांत असा बसवला, की अत्तराच्या फायाप्रमाणे सगळा सुगंध तेथे एकवटावा. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९३०नंतरच्या दशकात ओडियन कंपनीसाठी गायिलेल्या झिंझोटी व भैरवीच्या ठुमऱ्या ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना हे अधिक सांगायला नको.

आणि येथेच या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांनी आपले गाणे मुद्रित होऊ दिले नाही. १९४६ साली ते गेले आणि तो कंठ कायमचा मूक झाला. युरोपात तसाच प्रकार जोसेफ योआखिम या थोर व्हायोलिनवादकाच्या चतुष्टयाचा. योआखिमने १९०३ मध्ये एकट्याच्या वादनाच्या पाच बाजू तेवढ्या मुद्रित केल्या. ज्या चतुष्टयाची कीर्ती युरोपभर होती, त्याची एकही मुद्रिका नाही. जे मुद्रित झाले ते एवढेसेच आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांना समोर बसून ऐकलेले कान आता जवळजवळ उरलेले नाहीत. पुढच्या पिढीसाठी त्यांचा आवाज म्हणजे जीर्णोद्धार करणारा जो आवाज हाती देईल तोच. ही जबाबदारी केवढी मोठी आहे, याचा विचार करावा.

आता कामाचा क्रम. पहिली पायरी धुण्याची. तबकडी शुद्ध केलेल्या पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ कुंचल्याने खाचेच्या दिशेने धुवायची. मधला कागद भिजू द्यायचा नाही. स्पिरिटचा बोळा मात्र कधीही लावू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पुष्कळ घरांतल्या तबकड्या अशा अतिउत्साहानेच नष्ट झाल्या आहेत. दुसरी पायरी सुईची. जुन्या तबकडीची खाच नंतरच्या लाँग-प्ले तबकडीच्या खाचेपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असते. लाँग-प्लेची बारीक सुई तिच्या तळाशी लोळते आणि तेथला कचराच तेवढा ऐकवते. जाणकार तंत्रज्ञ निरनिराळ्या जाडीच्या सुया बाळगतो, आणि पूर्वीच्या पोलादी सुयांनी खाचेची जी उंची झिजवली नाही, नेमकी तेथे टेकेल अशी सुई निवडतो. योग्य सुईने निम्मे काम होते, असे या क्षेत्रातले लोक सांगतात.

तिसरी पायरी वेगाची, आणि ती सर्वांत फसवी. या तबकड्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हणतो. परंतु आरंभीच्या काळात हा वेग ७० पासून ८२ पर्यंत कोठेही असे. ७२ फेऱ्यांवर मुद्रित झालेले गाणे ७८ वर वाजवले तर ते सव्वाआठ टक्क्यांनी जलद होते. पेटीवरच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचे अंतर सुमारे सहा टक्क्यांचे असते. म्हणजे गायकाची पट्टी दीड पट्टीच्या जवळपास चढली, लय घाईची झाली, आणि भारदस्त पुरुषाचा आवाज पोरगेला झाला. पुष्कळ लोक ‘जुने गवई फार वरच्या पट्टीत गात’ असे म्हणतात. त्यातले काही गवई वर गातच नव्हते, आपण त्यांची तबकडी भरधाव पळवत होतो.

मग खरा वेग कसा शोधायचा? चतुष्टयाच्या बाबतीत काम थोडे सोपे. वाद्यांच्या मोकळ्या तारांचे स्वर ठरलेले असतात. चेलोची मोकळी तार वाजली की कान सावध होतो. आपल्या गाण्यात षड्ज ज्याचा त्याचा. तेथे साथीची पेटी मदतीस येते. पेटीचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच कोठेतरी पडू लागला तर वेगावर संशय घ्यावा. दुसरा पुरावा बोलण्याचा. त्या काळी कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून गायक शेवटी आपले नाव पुकारत. गौहरजान यांची ती इंग्रजी घोषणा प्रसिद्धच आहे. माणसाचे बोलणे नैसर्गिक वाटते की नाही, हे कोणालाही कळते. विजेच्या मुद्रणात तर वीजप्रवाहाची अस्पष्ट गुणगुण कधीकधी खाचेत उमटलेली सापडते, आणि तिच्यावरूनही मूळ वेग काढता येतो.

येथवरचे सारे काम हाताचे आणि कानाचे झाले. यापुढे संगणक येतो. आवाजाचे सेकंदाला शहाण्णव हजार तुकडे करून प्रत्येकाचे मोजमाप अंकांत नोंदले जाते. तबकडीवरचा ओरखडा ‘टक्’ असा वाजतो तो जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागात. म्हणजे शंभरएक अंक बिघडतात. संगणक ते अंक काढून टाकतो आणि मागचे-पुढचे पाहून मधली जागा भरतो. फाटलेल्या वस्त्राला कुशल रफूगाराने रफू करावे, तसे हे काम आहे. ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहाच्या प्रेरणेने केंब्रिज येथे १९८०नंतरच्या दशकात या विद्येचा मोठा विकास झाला. एकेकटी टकटक काढण्याने संगीताची हानी सहसा होत नाही.

खरी परीक्षा अखंड चालणाऱ्या खरखरीची. येथे संगणक गाणे सुरू होण्यापूर्वीच्या कोऱ्या खाचेतून नुसत्या खरखरीचा नमुना घेतो आणि सबंध मुद्रिकेतून तेवढी वजाबाकी करतो. ऐकायला हे फार सोयीचे वाटते. पण खरखर आणि तंबोरा, खरखर आणि गजाचे घर्षण, खरखर आणि ‘स’, ‘श’ या अक्षरांचा श्वास ही एकाच घरात राहणारी मंडळी आहेत. थोडी वजाबाकी केली तर दार किलकिले होते. जास्त केली तर व्हायोलिनची बासरी होते, चार वाद्ये कापसात गुंडाळल्यासारखी वाजतात, आणि मागे पाण्याखाली बुडबुडे फुटावेत असे विचित्र आवाज उरतात.

माझ्या परिचयाचे एक खानदेशी कुटुंब पलसाण्याजवळच्या कापडगिरणीच्या निमित्ताने दोन पिढ्यांपूर्वी इकडे आले. त्यांच्याकडे आजोबांच्या काळची बालगंधर्वांच्या तबकड्यांची पेटी होती. मुलांना ऐकता याव्यात म्हणून त्यांनी त्या शहरातल्या एका दुकानी साफ करून आणल्या. खरखर पार नाहीशी झाली होती. तिच्याबरोबर ऑर्गनचा भरणा गेला, सारंगी अर्धीमुर्धी गेली, आणि ज्या शब्दोच्चाराने महाराष्ट्र वेडा झाला त्या शब्दांच्या कडा बोथट झाल्या. घरातली वृद्ध आजी एवढेच म्हणाली, “हे नारायणराव नव्हेत, त्यांची कुणी नक्कल करतंय.” मूळ तबकड्या घरी जपून होत्या म्हणून बरे; ते काम पुन्हा, अधिक संयमाने, करता आले. सुरतेच्या जरीचे ज्यांना ज्ञान आहे, त्यांना हे पटकन उमजेल. जुन्या जरीवरचे काळवंडलेपण जोराने घासून काढू गेले तर आधी मुलामा जातो, आणि मग हाती नुसती तार राहते.

आणखी एक मोह असतो, तो सुधारणेचा. १९६०नंतर कित्येक कंपन्यांनी एकाच कर्ण्यातून आलेला जुना आवाज कृत्रिमपणे दोन बाजूंना वाटून ‘स्टिरिओ’ म्हणून विकला. कोणी त्यात सभागृहाचा खोटा घुमारा भरला. आता तर सूर ‘दुरुस्त’ करणारी साधने कोणाच्याही हाती आली आहेत. हे संकट आपल्याला अधिक बाधणारे आहे. १९२०नंतरच्या दशकातील लेनर किंवा कापे यांच्या चतुष्टयांच्या मुद्रिका ऐकल्या तर व्हायोलिन एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना ऐकू येते. आजच्या पाश्चात्त्य श्रोत्याला ती जुनाट सवय वाटते. मराठी कान त्या घसरणीला लगेच ओळखतो, कारण आपण तिला मींड म्हणतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे मोजमाप केले तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला होता. त्या गळ्यातला अतिकोमल स्वर पेटीच्या पट्टीवर बसवणारे यंत्र म्हणजे खाँसाहेबांना आज नव्याने पेटीवर रियाझ करायला लावणे होय! वेग चुकला तरी स्वरांचे आपसांतले नाते टिकते. सूर ‘दुरुस्त’ केला की ते नातेच तुटते.

या क्षेत्रात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते अमेरिकेतील वॉर्ड मार्स्टन दृष्टिहीन आहेत. पडद्यावरच्या आलेखांनी दिपून जाण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे उद्भवत नाही. कान हेच त्यांचे प्रमाण. श्रोत्यानेही तेच करावे. नव्याने काढलेली जुनी मुद्रिका ऐकताना तीन गोष्टी पाहाव्यात. तंबोरा किंवा गजाचा स्पर्श जाणवतो का? अक्षरांच्या कडा शाबूत आहेत का? दोन ओळींच्या मधल्या विश्रांतीत खोलीची हवा जाणवते, की एकदम विहिरीसारखी काळी शांतता पसरते? शांतता फार गडद असेल तर समजावे, की काहीतरी जास्त खरवडले गेले आहे. थोडी खरखर शिल्लक ठेवणारा तंत्रज्ञ आळशी असतोच असे नाही. पुष्कळदा तोच अधिक जाणता असतो.

शेवटी आपल्या घरातल्या तबकड्यांविषयी. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची छपाई १९७०च्या आसपास थांबली. जेथे धातूचे मूळ ठसे उरले नाहीत, तेथे एखाद्याच्या माळ्यावरची तबकडी हीच त्या गाण्याची अखेरची साक्ष ठरू शकते. तबकड्या एकीवर एक रचू नयेत. पुस्तकांप्रमाणे उभ्या, उन्हापासून व उष्णतेपासून दूर ठेवाव्यात. भंगारवाल्याला देण्यापूर्वी जाणकाराला दाखवाव्यात. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने व अनेक संग्राहकांनी अशा तबकड्या हुडकून, त्यांची नोंद करून मोठेच कार्य केले आहे. आणि साफसफाई करवून घ्यायचीच असेल तर एक नियम कटाक्षाने पाळावा: प्रथम तबकडीतला आवाज जसाच्या तसा, खरखरीसकट, उतरवून वेगळा जपून ठेवावा, सारे संस्कार त्याच्या प्रतीवर करावेत. आजची साधने उद्या जुनी होतील. उद्याच्या तंत्रज्ञाला अधिक चांगले काम करता यावे, यासाठी त्याच्या हाती मूळ आवाज राहिला पाहिजे. मूळ तबकडी तर राहिलीच पाहिजे.